दोन बोटांचं स्टेशन

सेलूतल्या ज्या दुकानात मी चाळीस वर्षं लग्नपत्रिका छापल्या, तिथं आता रेल्वे धावते. दोन बुटक्या स्टुलांवर सहा फूट लांब, वीतभर रुंद फळी आणि तिच्यावर अंगठ्याएवढी उंच गाडी. लेक शिवानीनं पुण्याहून पाठवलेली, "बाबा, रिकामे बसलात की चिडचिड करता," असं लिहून. वीतभर फळीवर रूळ गोल वळत नाहीत, म्हणून गाडी या टोकापासून त्या टोकाला जाते आणि तशीच उलटी परत येते. इमारतींनाही जागा नाही. त्यांचं नुसतं तोंड करायचं, दोन बोटं जाडीचं, आणि फळीच्या मागे निळं आभाळ रंगवलेल्या भिंतीला टेकवायचं. पुढून बघणाऱ्याला अख्खं स्टेशन उभं आहे असं वाटतं.

मी ते स्टेशन हौसेनं नाही केलं. बायकोचा अबोला मोडायला केलं.

शांतम्माचे वडील, सोमेश्वर आप्पा, बोरजळ रोड नावाच्या चिमुकल्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. तिथल्याच क्वार्टरात ती वाढली. आमच्या लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली, दर वर्षी एकदा तरी ती म्हणायची, "एकदा बोरजळला घेऊन चला की." मी म्हणायचो, "एवढी लग्नसराई होऊ दे." पत्रिका छापणाऱ्याची लग्नसराई कधी संपते काय? इथून गाडीनं पाऊण तासाचं अंतर. या चैत्रात रुळांचं काम निघालं आणि ती जुनी इमारत पाडली. शेजारचे दत्तराव सहज सांगून गेले. शांतम्मा भाकरी थापत होती. "आता न्यायचं काम न्हाई," एवढंच म्हणाली, आणि तेव्हापासून घरात मीठ, गॅस आणि माझ्या गोळ्या यांच्यापलीकडे बोलणं नाही. भांडली असती तर मीही भांडलो असतो. मला भांडता येतं. गप्प बसलेल्या माणसाचं काय करायचं, ते येत नाही.

म्हणून हे वरातीमागून घोडं. दुपारी शटर अर्धं ओढून बसायचो. उरलेल्या पत्रिकांचा जाड कागद कापून भिंती केल्या, खोक्याचा पुठ्ठा सोलून आतल्या नागमोडी कागदाची कौलं केली. फलाटाकडची बाजू मला पाठ होती. तीन कमानी, टांगलेली घंटा, पिवळी पाटी आणि मधलं हिरवं दार. त्या एका दाराला आठ दिवस गेले. शटरखालून ऊन आत यायचं, फळीवर असं काही पसरायचं की मीच अंगठ्याएवढा होऊन कमानीखाली उभा राहायचो. बोरजळला वारा सुटलेला असायचा. गाडीची वेळ झालेली असायची. लांबून कुणीतरी लहान मुलगी धावत येतेय असं वाटायचं, पण तिचं तोंड दिसायच्या आत माझी मान छातीवर पडलेली असायची.

श्रावणातल्या एका सोमवारी मी शांतम्माला बोलावलं. पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून ती आली. मी बटण दाबलं. गाडी फलाटाला लागली.

तिनं बराच वेळ पाहिलं. "लय चांगलं केलाव," ती म्हणाली. "कुठलं हाय हे?"

माझं डोकंच फिरलं. "कुठलं म्हणजे? पाटी वाच की! तुझं बोरजळ!"

"आमचं असं नव्हतं," ती म्हणाली आणि जायला वळली.

"गाढवापुढं वाचली गीता!" मी ओरडलो. ती थांबलीसुद्धा नाही.

संध्याकाळच्या चहापर्यंत माझा राग टिकला. मग कपाकडे बघत मी विचारलं, "कसं होतं मग तुमचं?" एक्केचाळीस वर्षांत हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो.

"आप्पा आमाला फलाटावर येऊ द्यायचे न्हाईत," ती म्हणाली. "गाडीनं जायचं असलं तरी क्वार्टराकडून जाऊन शेवटच्या डब्यात बसायचं. मी रोज भाकरी घेऊन मागच्या दाराला जायची. दोन दगडी पायऱ्या होत्या. गाडी नसली की आप्पा तिथंच गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. पूजा झाल्याबिगर भाकरीला हात न्हाई. विभूती लावली की बोटं दाराशेजारच्या भिंतीला पुसायचे. सगळी भिंत तीन-तीन पट्ट्यांनी भरलेली. साहेब येणार म्हणलं की चुना मारायचे, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच." ती हसली. चार महिन्यांनी हसली. "गाडी आली की दार लावून घ्यायचे. मी पायरीवर बसून आवाज ऐकायची."

तेव्हा मला कळलं. त्या कमानी मला पाठ होत्या, कारण तिला बघायला गेलो तेव्हा मी तिथं उतरलो होतो. तिच्या नावानं मी माझंच स्टेशन बांधलं होतं. फार लाज वाटली मला.

दुसऱ्या दिवशी रूळ उचलून मागच्या भिंतीकडे सरकवले. स्टेशन पुढच्या कडेला आणून उलटं फिरवलं. कमानी, घंटा, पाटी सगळी गाडीकडे गेली आणि आमच्याकडे कोरी पाठ आली. शांतम्मा खाली चटई टाकून बसली. तिचे डोळे बरोबर फळीच्या उंचीला येत होते. "खिडकी एकच, वरती. पायऱ्या अजून रुंद. रांजण डावीकडं. अवो, डावा हात कंचा तुमचा?" मी निमूट कापत होतो. जुन्या चुन्याचा रंग काही केल्या जमेना. ती आत जाऊन पूजेतली विभूती घेऊन आली आणि बोटानं भिंतीवर चोळली. मग काडेपेटीतल्या काडीनं दाराशेजारी तीन बारीक रेघा ओढल्या. मग अजून तीन. रेघा वाकड्या येत होत्या, पण मी काडी मागितली नाही.

गाडी सोडली. ती स्टेशनाच्या मागे गेली आणि नुसता आवाज येत राहिला. शांतम्मा डोळे मिटून ऐकत होती. मनातल्या मनात मी मांडे खायला लागलो होतो.

"दार उघडतंय का वो हे?" तिनं विचारलं.

दोन बोटांच्या इमारतीत एक दार उघडून भागत नाही. आरपार दिसायचं तर फलाटाकडचं दारही कापायला हवं. ते हिरवं, आठ दिवसांचं. काहीतरी लागट माझ्या ओठांवर आलंच होतं. पण ती गुडघे जवळ घेऊन बसली होती आणि तिची नजर त्या नखाएवढ्या दारावरून हलत नव्हती.

मी ब्लेड उचललं आणि दोन्ही दारं कापली.

गाडी परत निघाली. दारात आधी इंजिन दिसलं, मग एकामागून एक डबे, खिडक्या, पिवळा उजेड. शेवटचा डबा गेल्यावर पलीकडे भिंतीवर रंगवलेलं निळं आभाळ तेवढं उरलं.

"आज आप्पांनी दार लावलं न्हाई," शांतम्मा म्हणाली.

"तुला बोरजळला न्यायला पाहिजे होतं मी," मी म्हणालो. "चुकलंच माझं."

"लय चुकलं," ती म्हणाली. डोळे पुसले आणि चटईवर थोडी सरकली. "बसा इथं. गाडी आणा परत."