नोयेमीआत्याचा नकाशा

"तुमचं वय?"

"कोर्टाला ठाऊक नाही? मग कोर्टाला ठाऊक तरी काय आहे?"

क्विंतानाबाईंनी हसू दाबलं आणि रकान्यात चौऱ्याऐंशी लिहिलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोच्या कोर्टाने त्यांना चौकशीसाठी पाठवलं होतं. नोयेमी सिमोनियन स्वतःचे निर्णय स्वतः घेऊ शकतात, की त्यांच्यावर कायद्याने पालक नेमायला हवा, एवढंच त्यांना बघायचं होतं. टेबलावर परसातल्या वेलीची कोवळी द्राक्षपानं होती आणि वाडग्यात मटण-तांदळाचं सारण. नोयेमी उत्तरं देता देता एकेक पान पसरत होती, चिमूटभर सारण ठेवून करंगळीएवढी गुंडाळी करत होती.

"आज वार कोणता?"

"बुधवार," शेजारी बसलेली तिची भाची सिर्वार्ट म्हणाली.

"औषधं वेळेवर घेता?"

"मी डबीत भरून ठेवते," सिर्वार्ट म्हणाली.

"आणि तुम्हाला राहायला कुठे आवडेल?"

"तसं तिला इथंच, पण माझ्या भावाचं म्हणणं…"

नोयेमीने हातातली गुंडाळी ताटात ठेवली. "सिर्वार्ट, तू तुझ्या चित्रांशीही असंच बोलतेस?"

"चित्रं उत्तर देत नाहीत, आत्या."

"मी देते ना! तोंड शिवलंय का माझं?"

क्विंतानाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बराच वेळ लिहीत होत्या. निघताना नोयेमीने त्यांच्या हातात डबा दिला. "लाच नाहीये," ती म्हणाली. "लाच द्यायची असती तर मटण जास्त घातलं असतं."

सिर्वार्ट बोयाजियान अठ्ठावन्न वर्षांची होती आणि एकतीस वर्षं जुनी चित्रं दुरुस्त करत होती. गावातलं लहानसं संग्रहालय, आसपासची आर्मेनियन चर्चं, कधी एखाद्या द्राक्षबागवाल्याच्या आजोबांचं तैलचित्र. तिचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. काम नीट झालं की ते केलंय हे कळत नाही, त्यामुळे तिची तक्रारही नव्हती.

फेब्रुवारीत नोयेमीने गॅसवर पातेलं विसरून जाळलं. शेजाऱ्याला वास आला म्हणून निभावलं. मार्चमध्ये फोनवर गोड बोलणाऱ्या तीन वेगवेगळ्या माणसांकडून तिने पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं घेतली. सिर्वार्टचा धाकटा भाऊ गारो चार तासांवर ग्लेंडेलला असतो. त्याने वकील गाठला, अर्ज तयार करून घेतला. आत्याने कुठे राहायचं, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, पैसे कसे खर्च करायचे, सगळं यापुढे पालकाने ठरवायचं. गारोला दर आठवड्याला येणं जमणार नव्हतं, म्हणून पालक म्हणून नाव सिर्वार्टचं. तिने अर्ज वाचला आणि सही केली. गारोने त्याच्या घराजवळ एक वृद्धाश्रमही बघून ठेवला होता. छान होता. नोयेमीला तो कुणी दाखवला नव्हता.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सिर्वार्ट चर्चमध्ये कामावर होती. मेरीमातेचं जुनं चित्र. मेणबत्तीने गालावर नाण्याएवढा रंग जळला होता. साठेक वर्षांपूर्वी कुणीतरी तो भाग दुरुस्त करायला घेतला आणि मेरीचा सगळा चेहरा नव्याने रंगवून टाकला. तो वरचा थर सिर्वार्ट कापसाच्या बोळ्याने इंच-इंच पुसून काढत होती. खालून एक वेगळीच बाई बाहेर येत होती, जरा रुंद हनुवटीची, जरा हट्टी.

फादर नेर्सेस मागे येऊन उभे राहिले. "एवढ्याशा डागासाठी त्याने अख्खा चेहरा रंगवला?"

"चांगल्या मनानंच केलं असणार, फादर."

"असणारच. वाईट मनाचा माणूस एवढी मेहनत घेत नाही."

सिर्वार्टचा हात थांबला. जिथला रंग गेलाय तिथेच रंग लावायचा, त्याच्या बाहेर केसभरही नाही, हे तिने कितीतरी शिकाऊ मुलींना रागावून शिकवलं होतं. ती मागच्या बाकावर जाऊन बसली आणि गारोला फोन लावला. "त्या अर्जात आपण काय काय लिहिलंय, ते पुन्हा एकदा वाच," ती म्हणाली. "मोठ्याने वाच."

चित्राला हात लावण्याआधी तिची एक पद्धत असते. चित्राच्या फोटोवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रंग नेमका कुठे गेलाय ते तांबड्या पेनाने दाखवायचं. बाकीचं कोरं. ती दहा दिवस आत्याकडे राहायला गेली आणि तिने मोठ्या कागदावर आत्याच्या दिवसाचे रकाने आखले. संध्याकाळची गोळी, तांबडं. गॅस, तांबडं. अनोळखी फोन, गडद तांबडं. स्वयंपाक कोरा. माणसांची नावं, त्यांची लग्नं, त्यांची भांडणं, एक जागा सोडली तर सगळं कोरं.

चित्राचा नकाशा चित्राला कधी दाखवावा लागत नाही. हा तिने आत्यापुढे ठेवला.

नोयेमीने चष्मा चढवला. "हे काय? शुक्रवारी तांबडं?"

"दूध आणायला विसरलीस."

"विसरले नाही. पाय दुखत होता, आणि तुझ्यासमोर कुरकुर करायची नव्हती. खोड ते." तिने बोट पुढे सरकवलं. "हेपण खोड. चर्चमधल्या त्या अनूशला मी ओळखलं होतं. मला तिच्याशी बोलायचं नव्हतं."

सिर्वार्टने दोन्ही खोडलं.

"आणि इथं तांबडं लाव." नोयेमीने सकाळच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"सकाळी तर तू ठीक असतेस."

"तू उठतेस तेव्हा. त्याआधी, तू अंथरुणात असताना, मी दोन कप कॉफी करते. हागोप गेलाय हे दुसरा कप भरताना आठवतं."

आत्याचा नवरा हागोप, त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती. सिर्वार्टने पेन उचललं. "यावर काय उपाय करायचा, आत्या?"

"काही नाही. दुसरापण मीच पिते. नुसतं नोंदवून ठेव."

जूनच्या पहिल्या आठवड्यात कोर्टाची तारीख होती. गारो टाय लावून आला. दाराबाहेरच त्याने बहिणीला गाठलं. "अर्ज मागे घेतेयस. उद्या काही झालं म्हणजे?"

"काहीतरी होणारच. तू रोज संध्याकाळी सातला फोन करून तिला गोळीची आठवण कर."

"रोज?"

"तू तर तिचं सगळं आयुष्य चालवायला निघाला होतास. एक गोळी जमणार नाही?"

न्यायाधीशबाईंनी क्विंतानाबाईंचा अहवाल वाचला, नकाशा उलटसुलट करून पाहिला आणि मग थेट नोयेमीला विचारलं, "तुम्हाला कुठे राहायचंय?"

सिर्वार्टने ओठ घट्ट मिटून घेतले.

"माझ्या घरी," नोयेमी म्हणाली. "तिथं मी लोकांना 'बसा' म्हणते. दुसरीकडे गेले तर लोक मला 'बसा' म्हणतील."

गारोही हसला.

पालक नेमला गेला नाही. त्याऐवजी एक साधा करार झाला. औषधं, गॅस आणि अनोळखी फोन या तीन बाबतींत नोयेमी सिर्वार्टची मदत घेईल, बाकी निर्णय तिचे. नोयेमीने आर्मेनियन अक्षरांत सावकाश सही केली. कारकून उभा होता, त्याला घाई नव्हती.

कोर्टाबाहेर सात पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीशी नोयेमी थांबली आणि भाचीकडे न बघता तिने हात पुढे केला. सिर्वार्टने तो धरला. सातवी पायरी उतरल्यावर नोयेमीने हात सोडवून घेतला, पर्स खांद्यावर नीट केली आणि ताठ मानेने फुटपाथवरून चालू लागली.

गाडी उलट्या बाजूला होती. सिर्वार्ट जागची हलली नाही.

वीसेक पावलांवर नोयेमी थांबली. तिने रस्ता इकडून तिकडे पाहिला, मग मागे वळली.

"गाडी कुठं लावलीय गं?"

सिर्वार्टने हात करून दाखवलं.