फोटोबाबांचा पांढरा पडदा

वाचक बंधुभगिनींनो, डोळ्यांवर विश्वास ठेवावा की डोळ्यांनाही प्रश्न विचारावा, या गहन विषयाचा उलगडा करणारी एक बोधप्रद कथा मी आपणासमोर नम्रतापूर्वक मांडीत आहे. ती शेवटपर्यंत वाचण्याची कृपा करावी.

त्या सायंकाळी भिलाईच्या सिविक सेंटरजवळच्या सभागृहात मुंगीलाही शिरावयास वाव नव्हता. भिंतींवर देशोदेशींची थक्क करणारी छायाचित्रे टांगली होती आणि त्यांच्यापुढून भगव्या जाकिटातील फोटोबाबा छडी नाचवीत चालले होते.

"पाहा! डोक्यावर आकाश, पायांखाली आकाश, मध्ये पाठमोरा मनुष्य! तो मीच. छायाचित्रकार साक्षात देवदूत!"

"देवदूताजवळ कॅमेरा कोनत्या कंपनीचा असन गा?" धोंडबांनी शेजारी बसलेल्या आपल्या मित्राला, आनंदरावांना विचारले.

आनंदराव हसले नाहीत. पोलाद कारखान्याच्या भट्टीवर तीस वर्षे काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थांचे लक्ष पत्नीकडे, गिरजाबाईंकडे होते. बाबांचा खरा चमत्कार पुढेच होता. आदल्या दिवशी मृत नातलगाचा फोटो द्यावा. दुसऱ्या दिवशी त्याचे 'आत्मचित्र' मिळे, ज्यात चेहरा काळा आणि केस पांढरे. त्याच्या नाकावरील ठिपक्याकडे, बाबांचा मंत्र तीस वेळा होईस्तोवर, पापणी न हलवता पाहावे आणि मग पांढऱ्या पडद्याकडे वळावे. पडद्यावर मृताचा तेजस्वी मुखडा तरंगू लागे!

गिरजाबाईंना त्यांची माय दिसली. त्या ढसाढसा रडल्या.

"या नेत्रांत दिव्यदृष्टी आहे," बाबा गरजले. "यांना शस्त्र लागले की माय कायमची गेली!"

आणि सोमवारी तर गिरजाबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली! उशीर केल्यास नजर जाईल, असे डॉक्टरांनी बजावले होते. मागच्याच आठवड्यात त्यांच्या हातून चहात साखरेऐवजी मीठ पडले होते आणि आनंदरावांनी तो निमूटपणे प्याला होता.

"मले नाही कराचं आपरेशन," घरी येताच त्या म्हणाल्या. "माय दिसते मले."

"अन् मी?"

"तुमी तं रोजच दिसता."

"धुंधला दिसतो म्हन नं!"

आनंदराव विचारमग्न झाले. वितळलेल्या लोखंडाच्या धारेकडे निळ्या काचेचा चष्मा न लावता पाहिले की नंतर भिंतीवर हिरवा पट्टा पोहत असे. तो कोणाचा आत्मा होता? त्यांनी गुपचूप एक फोटो बाबांच्या चेल्याकडे पोहोचता केला.

दुसऱ्या सायंकाळी बाबांनी ते आत्मचित्र उंच धरले. "हा अतृप्त आत्मा रात्रभर माझ्याशी बोलला! मरताना फार तडफडला बिचारा!"

मंत्र झाला. सर्वांनी पडद्याकडे पाहिले. तेजोवलयात धोंडबा प्रकटले, मिशांसकट!

"अरे बाप!" मागून भजे खात धोंडबा स्वतःच ओरडले. "मी कवा मेलो बे? पेन्शन बंद पाडतं का माही?"

सभागृह हास्याने दणाणले. बाबा अडखळले, "हा... हा भविष्यातला आत्मा..."

"मंग हाही भविष्यातलाच का?" म्हणत आनंदरावांची मुलगी प्रेरणा पुढे आली. जाहिरातीच्या पत्रकातील बाबांच्या फोटोचे रंग मोबाइलवर उलटे करून तिने तो छापून आणला होता. कोणताही मंत्र न म्हणता सर्वांनी त्याकडे एकटक पाहत तीसपर्यंत मोजले आणि पडद्यावर बाबाही स्वर्गवासी झाले!

आनंदराव म्हणाले, "डोया थकते, बाप्पा! उजेड पाहून थकला तेवढ्या जागी पडदा काया, अंधारा दिसते. काया पाह्यलं तेथ लखलखते. म्हनून उलटा फोटो सुलटा होते. भट्टीवरच्या कोन्याही मानसाले विचारा."

प्रेरणाने आकाशावर उभ्या माणसाचीही कथा सांगितली. ते बोलिव्हियातील मिठाचे विस्तीर्ण मैदान; पावसाचे पातळ पाणी साचले की त्याचा आरसा होतो. हे ऐकून लोक त्या चित्राकडे पुन्हा, अधिकच नवलाने पाहू लागले. एवढ्यात बाबा मागच्या दाराने अंतर्धान पावले.

 घरी जाताना वाटेत गिरजाबाईंनी विचारले, "सोमवारी किती वाजता जाचं आहे?"

शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांवरची पट्टी निघाल्यावर त्यांनी प्रथम मायचा जुना, साधा फोटो मागितला. बराच वेळ पाहिला. "मायच्या हनुवटीवर तीळ होता. मी तं विसरूनच गेली होती." मग मान वर करून म्हणाल्या, "अन् का हो, तुमी इतके म्हातारे कवा झाले?"

सुज्ञहो, चमत्कार दिसताच हात जोडू नका. आधी पापणी मिटा, पुन्हा उघडा आणि विचारा, 'हे कसे झाले?' एवढे केले तरी पुरे.

आपण अमूल्य वेळ देऊन ही कथा वाचलीत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
प्रेमानंद फकिरा मेश्राम
सेक्टर ६, भिलाई