मलेरियाच्या गोळ्या

मलेरियाची गोळी साथीच्या तापावर चालते, अशी बातमी टीव्हीवर आली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या औषधाच्या दुकानासमोर शटर उघडायच्या आत रांग लागली. दुपारपर्यंत माल संपला. सहा स्ट्रिप तेवढ्या मी काउंटरच्या खणात कुलपात ठेवल्या. त्या शिलाईवाल्या ताईंच्या. त्यांना सांध्यांचं जुनं दुखणं. नऊ वर्षं याच गोळीवर त्यांची बोटं मशीनवर चालत होती.

तिसऱ्या दिवशी ताई गोळ्या न्यायला आल्या, आणि त्यांच्या पाठोपाठ दादा आला. माझा सख्खा थोरला भाऊ. सोबत त्याच्या वर्कशॉपमधले दोघे.

"बाबांना ताप चढलाय. गोळ्या काढ."

"दादा, या तापावर ती चालते असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. आणि बाबांचे ठोके आधीच चुकतात. या गोळीनं भलतंच व्हायचं. डॉक्टरांना विचार आधी."

"डॉक्टर फोन उचलत नाही. गोळ्या आहेत की नाहीत, तेवढं बोल."

मला खोटं बोलणं कधी जमलं नाही. नजर खणाकडे गेलीच.

तो काउंटरवरून उडी मारून आत आला. मी खणासमोर उभी राहिले, तर माझी वेणी धरून त्यानं माझं कपाळ काचेवर आपटलं. काच फुटली. कपाळाचं रक्त डोळ्यांत आलं, काही दिसेना. हाताशी आलेल्या त्याच्या मनगटाचा मी कडकडून चावा घेतला. तो गुरासारखा ओरडला आणि बुटाची लाथ माझ्या बरगडीत बसली.

"बाप मरतोय आणि तू परक्यांसाठी साठवतेस?"

एकानं शटरच्या सळईनं कुलूप तोडलं. ताईंनी पुढे होऊन उघड्या खणात हात घातला. "अहो, माझं औषध आहे ते!" त्या माणसानं खण लाथेनं बंद केला. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ताई ओरडल्या नाहीत, नुसत्या खाली बसल्या. मग त्यानं खण पुन्हा उघडला आणि सगळ्या स्ट्रिप खिशात कोंबल्या.

संध्याकाळी माझ्या कपाळाला टाके पडत होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. "बाबा पडलेत. यांनी दुपारी चार गोळ्या दिल्या, आता परत चार."

मी पोचले तेव्हा दादा बाबांच्या छातीवर गुद्दे मारत होता. "उठा! उठा ना!" आम्ही दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

डॉक्टर म्हणाले, "ताप होता, वय होतं, गोळ्याही होत्या. नेमकं कशानं, ते सांगता येणार नाही."

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर दादानं मला अडवलं. "तुला औषधातलं कळतं. गोळ्यांनी गेले का? खरं सांग."

नाही म्हटलं असतं तर त्याला झोप लागली असती. हो म्हटलं असतं तर माझा सूड पुरा झाला असता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

"माहीत नाही कसं?" त्यानं माझे खांदे गदागदा हलवले. टाका उसवला. मग मात्र माझा तोल गेला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. आणखी एक. आणखी एक. त्यानं हातही वर केला नाही, उलट गाल पुढे करत राहिला. तेच मला सहन होईना. शेवटी वॉचमननं मला ओढून बाजूला केलं.

तिथूनच मी पोलीस चौकीत गेले. तक्रारीत पहिलं नाव दादाचं लिहिलं.

"बापाची राख गार व्हायच्या आत भावाला आत घातलंस," वहिनी म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. दादानं चौकशीत सगळं कबूल केलं, वकीलही घेतला नाही. कोर्टातही गुन्हा मान्य केला, त्यामुळे निकाल लवकर लागला आणि तो तुरुंगात गेला.

गोळ्या बाजारात परत यायला अडीच महिने लागले. तोवर ताईंचे गुडघे आणि मनगटं सुजली होती, आणि मोडलेली दोन बोटं वाकडीच जुळली. पहिली स्ट्रिप मी स्वतः त्यांच्या घरी नेऊन दिली. पाणी आणून दिलं. त्यांनी डाव्या हातानं गोळी घेतली आणि विचारलं, "तुमच्या भावाची शिक्षा किती राहिली?"

"सात महिने."

"हं," त्या म्हणाल्या, आणि पेला माझ्या हातात दिला.