हसऱ्या कवटीचे जाकीट

मित्रांनो, मी एक जुने चामड्याचे जाकीट आहे. सध्या पोलीस चौकीच्या लोखंडी कपाटात, एक बिनपट्ट्याचे घड्याळ आणि कुणाच्या तरी कुकरचे झाकण यांच्या मधे माझा मुक्काम आहे. झाकणावरून खटला तरी चालू आहे. माझ्यावरून तोही नाही.

मला शिंप्याने शिवले, पण चेहरा दिला तो ताईने. तिचा धाकटा भाऊ केस कापायचे दुकान चालवायचा आणि 'काळे विंचू' या मोटारसायकल क्लबचा म्होरक्या होता. सगळे त्याला वस्तरा म्हणत. त्याला माझ्या पाठीवर भरतकामाची भयानक कवटी हवी होती. ताईचा हात मात्र बाळांची झबली भरण्यात मुरलेला. कवटीला पापण्या आल्या. गालावर खळीसुद्धा.

"ताई, कवटीला खळी असते होय?"

"असू दे रे. उगाच कुणी घाबरायला नको."

शिवाय कॉलरखाली, अस्तराच्या बाजूने, तिने त्याच्या नकळत तीन शब्द भरले. ते शेवटी सांगेन.

लोक घाबरायचे ते घाबरलेच. विंचू एकूण सहा. त्यांत एक दातांचा डॉक्टर, एक ग्रंथपाल. त्यांच्या गुप्त बैठकीत मुख्य विषय कंबरदुखी. पण गल्लीत बादली हरवली, की नाव विंचवांचे. एका काकूंचे मांजर तर काकूंच्याच कपाटात झोपलेले असताना विंचवांनी पळवले होते. वस्तरा कधी 'नाही' म्हणाला नाही.

"फुकटचा दरारा आहे, कशाला घालवायचा?" तो डॉक्टरला म्हणायचा.

दरारा त्याचा, घाम माझा. पण मलाही अभिमान होता. खोटे कशाला बोलू?

एका दुपारी तो नवी पाती आणायला निघाला होता. दुकानात एक गिऱ्हाईक अर्धी दाढी करून बसले होते. चौकात एक आजी पडल्या आणि त्यांचे डोके फुटले. लोक पांगले. वस्तऱ्याने गाडी थांबवली, मला काढून त्यांच्या डोक्याखाली ठेवले, रिक्षा मिळताच त्यांना दवाखान्यात पोचवले आणि उरलेल्या दाढीकडे धावला. घाईत मी रस्त्यावरच राहिले. तरी सांगते, आयुष्यात इतके उपयोगी मी कधीच पडले नव्हते.

नंतर आलेल्यांनी रक्त पाहिले, कवटी पाहिली आणि निकाल दिला, "विंचवांनी म्हातारीला उडवलं!"

चौकीत हवालदारांनी विंचवांना बोलावून घेतले आणि मला टेबलावर पसरले.

"हे कुणाचं?"

सहाही विंचू छताकडे बघू लागले. छतावर एक पाल होती. तिने तरी माझ्याकडे पाहिले.

"आमचं नाही, साहेब," वस्तरा म्हणाला. "पापण्या आहेत कवटीला. आमच्यात असलं चालत नाही."

आणि त्याने तसे लिहून खाली सही केली.

तीन दिवसांनी आजी शुद्धीवर आल्या. "मला कुणी उडवलं नाही हो. माझीच चप्पल तुटली. त्या कवटीवाल्या पोरानं उचललं मला. कुठंय तो?"

दुसऱ्या दिवशी वस्तरा पांढराशुभ्र शर्ट घालून, ताईला घेऊन चौकीत हजर. "तो मीच, साहेब!" त्याला फुलांचा गुच्छ मिळाला. फोटो निघाला.

"म्हणजे जाकीट तुमचंच की," हवालदार म्हणाले.

वस्तऱ्याला ती सही आठवली असावी. "छे, उसनं आणलं होतं. कुणाकडून, आठवत नाही."

ताई पुढे आली. तिने खळीवर बोट ठेवले. "अरे, हे टाके तर..."

"ताई, चल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बोट काढून घेतले.

आता माझ्याखाली अंथरलेल्या वर्तमानपत्रात त्याचा फोटो आहे. मी त्याच्यावरच बसलेले असते.

मित्रांनो, गल्लीने मला आयुष्यभर गुंड म्हटले, त्याचे मला काही नाही. गल्ली मला ओळखत नव्हती. तो ओळखत होता. म्हणून एवढेच मागते. चामड्याला अधूनमधून तेल लावा, ओले असताना घडी घालू नका आणि कुणी 'हे कुणाचं?' विचारले, तर छताकडे बघू नका.

कधी या चौकीत आलात, तर माझी कॉलर उलटून पाहा. ताईने तिथे भरले आहे, 'लवकर घरी ये.'

मी केव्हाचे तयार आहे.