शून्य कुठं लावायचं

“पोरी, पोचायचं कुठं ते पयले ठरव. वाट मंग मागून काढू.” गणिताच्या उकंडा सरांचा यवतमाळच्या कॉलेजातला हा आवाज. खडू हातात घेतला की निलोफरला तो अजून ऐकू येई.

वणीच्या घरात फळा भिंतीला टेकला होता. धाकटा भाऊ फैज राजूरच्या खाणीत पंपांवर इंजिनिअर. कमीत कमी विजेत पाणी कसं उपसावं हे शिकायला कंपनी त्याला नागपूरला पाठवणार होती, दोन वर्षं. त्याचं गणित तो आपाकडून, म्हणजे निलोफरकडून, घोटून घेत होता.

निलोफरला हैदराबादहून पीएचडीचं बोलावणं आलं होतं. आज संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. असंच बोलावणं पूर्वी आलं तेव्हा अब्बा नुकते वारले होते, फैज सातवीत होता; ती घरीच राहिली.

“आपा, उत्तर जमून नाही राह्यलं.”

तिनं पाहिलं. “सुरुवातीलेच लॅम्डा शून्य काहून धरला?”

“पाण्याची पातळी सुरुवातीची घेतो, मंग याची काहून नाही?”

“पातळी पुढं चालते, बाबू. लॅम्डा म्हणजे किंमत. पाणी आत्ता थोडं वाढलं तर पुढं किती महाग पडंल, ते. शेवटी पुढं काही उरतच नाही, म्हणून शून्य तिथं. तिथून मागं मागं यायचं.”

“म्हंजे सुरुवातीची किंमत सगळ्यात शेवटी समजते?”

निलोफर फळ्याकडे पाहत राहिली. बोटांवरचा खडू ओढणीला पुसला.

“हो.”

दारातल्या उन्हात त्यांच्या अम्मी जैबुनबी सुपात तूर निवडत होत्या. डोळ्यांनी कमी, बोटांनीच जास्त. “शिकव त्याले नीट,” त्या म्हणाल्या. “तो गेल्यावर आपण दोघीच.”

“आपा हाये म्हणून तं मी बिनघोर जाऊन राह्यलो,” फैज म्हणाला.

तिनं फळ्याच्या डाव्या टोकाचं शून्य पुसलं, उजव्या टोकाला लिहिलं. खडू खाली ठेवला.

“फैज, तुले कंपनी पुढच्या सालीही पाठवंल?”

“पाठवंल. काहून?”

“मंग या साली तू अम्मीजवळ राह्य. पुढची वाट मागून काढू. मले हैदराबादले जायचं हाये. तवाही जायचं होतं.”

जैबुनबींचा हात सुपात थांबला.