सिलोनचा रकाना

संपाच्या आठव्या महिन्यात, एका मंगळवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास, परळच्या एका गल्लीत पाच संपकऱ्यांनी रामदासला अडवलं. रामदास तेवीस वर्षांचा, अर्थशास्त्रात एम.ए. करणारा. गिरणीच्या लेबर ऑफिसरच्या मुलीला तो दादरला घरी जाऊन शिकवायचा. चोरून कामावर जाणाऱ्यांची यादी त्याच घरात बनते, असं गल्लीत बोललं जात होतं. त्या घरातून वही घेऊन बाहेर पडताना या पाचांतल्या महादेवनं त्याला पाहिलं. तेवढं पुरलं.

"काय मास्तर, सायबाचा चहा गोड होता काय?" महादेव म्हणाला.

"ट्यूशन घेतो मी, दादा."

"वही दे इकडं."

"माझा निबंध आहे त्यात."

"मग आम्ही पण शिकतो की जरा."

ओढाओढीत एक पान उभं फाटलं. महादेवच्या हाती आलेल्या अर्ध्या पानावर नुसते आकडे होते, एकाखाली एक, चार-चार अंकी. गिरणीत माणूस तिकीट नंबरनं ओळखला जातो. महादेव मोठ्यानं वाचू लागला.

"तेराशे ब्याऐंशी. चौदाशे सतरा..."

पाचांतल्याच, मागे उभ्या असलेल्या कुशाबाचा नंबर चौदाशे सतरा. साचेखात्यात, मागावर, त्याची अठरा वर्षं गेली होती. सोमवारी कामावर येतो, असा निरोप त्यानं दोन दिवसांपूर्वी खात्याच्या मुकादमाला, जॉबरला, दिला होता. बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि आता तो नंबर महादेवच्या हातात होता, आणि तो कुणाचा ते सांगायला रामदास समोर होता.

"अहो, हे तिकीट नंबर नाहीत," रामदास म्हणाला, "हे तर..."

कुशाबानं कमरेला खोचलेला धोटा काढून त्याच्या तोंडावर घातला. मागावर आडवं सूत नेणारा हा धोटा लाकडी असला तरी टोकांना लोखंड असतं. जबडा तुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. रामदास खाली बसला. दुसरा फटका कानावर बसला, तिसरा डोक्यात.

"कुशा, थांब! नावं काढायचीत त्याच्याकडनं!" महादेव ओरडला.

कुशाबा थांबला नाही. तोंड झाकणाऱ्या हातावर त्यानं मारलं, बोटं मोडली, तरी मारत राहिला. दोघांनी दंड धरून त्याला मागे ओढलं. समोरच्या वाण्यानं दुकानाची फळी लावून घेतली.

रामदासला बोलता येत नव्हतं. शाबूत हातानं त्यानं वही महादेवकडे सरकवली. फाटलेल्या पानाचा दुसरा अर्धा भाग तिच्यात होता. त्यावर इसवी सन होते, त्यांच्यापुढे भारताचे आकडे आणि वर मथळा. महादेवनं तो अडखळत वाचला.

"भारत व सिलोन. कराचं उत्पन्न, एकोणीसशे पन्नास ते सत्तर." खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: एवढासा देश उत्पन्नाच्या मानानं आपल्यापेक्षा जास्त कर गोळा करतो, तो कसा? भारताचा कापडावरचा कर वेगळा काढून पाहणे.

महादेवनं हातातलं अर्धं पान त्याला जोडून पाहिलं. कडा जुळल्या, एकेका सनासमोर एकेक आकडा आला.

"सिलोनचे पैसे आहेत रे हे," तो हळू म्हणाला. मग वळला. "हा सांगत होता. तू बोलू का दिलं नाहीस, कुशा?"

"मला वाटलं..."

"काय वाटलं?"

कुशाबानं चौघांकडे पाहिलं. हिसका देऊन दंड सोडवले आणि तो पळत सुटला.

"धरा त्याला! फितूर आहे भडवा!"

चौघंही त्याच्या मागे धावले. रामदासकडे कोणी वळून पाहिलं नाही. तो अजून श्वास घेत होता.