दोन स्विच आणि एक आत्मा

हार मोटारीला, नारळ मोटारीला, आणि शिरड शहापूरच्या निम्म्या गावाचं तोंड मोटारीच्या ढुंगणाकडे. पुढून दर्शन घ्यायचं नाही, हा गतिनाथ महाराजांचा दंडक होता. कारण विश्वंभर मागच्या पांढऱ्या दिव्यातून बोलत.

विश्वंभर वारले त्याला दोन वर्षं झाली. हयातीत ते कामापुरतंच बोलायचे. मेल्यावर मात्र दर गुरुवारी सोयरिकी, बोअर, हरवलेल्या म्हशी अशा सगळ्यांवर त्यांचं मत पडू लागलं. दिवा लागला की होय, विझला की नाही. माणसांना देव सोपाच लागतो.

महाराज वदले : "हे यंत्र नव्हे, हा देह आहे. प्राण गेला, गती उरली. गतीतच सद्गती."

मराठीत : विश्वंभरची जुनी विलायती मोटार. गिअरबॉक्स दुरुस्तीला खाली उतरवून पुन्हा चढवला, तेव्हापासून कुणाच्याच हातून चालू होईना. महाराजांचा शिष्य रामप्रसाद आत बसला, खटपट केली, आणि चालू झाली.

महाराज वदले : "आत्म्याला बसायला अंग लागतं. रामप्रसाद आपलं अंग देतो."

मराठीत : रामप्रसाद किल्ली अर्धी फिरवून ड्रायव्हरच्या जागी बसतो. त्याच्या मांडीवरून गिअरच्या दांडीवर भगवी शाल पसरलेली असते.

गर्दीत मंजुषा उभी होती. विश्वंभरची धाकटी बहीण, जवळा बाजारच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. म्हशींसाठी ती आली नसती. म्हशी सापडतात. ती आली होती आरोहीसाठी.

आरोही विश्वंभरची लेक, अकरा वर्षांची. तिला फेफरं यायचं. गोळ्या सुरू झाल्यापासून वर्षभर एकदाही आलं नव्हतं. मागच्या गुरुवारी तिच्या आईने, शालूवहिनींनी, दिव्याला विचारलं, लेकराच्या गोळ्या चालू ठेवू का? दिवा विझला. गोळ्यांचा डबा बंद झाला. सोमवारी पोरगी शाळेच्या पायरीवर पडली आणि तिचा ओठ फाटला.

मंजुषा फोनवर खूप भांडली होती. अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर जिवावर बेततं, डॉक्टरांनी बजावलंय, असं सगळं सांगून झालं. शालूवहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "डॉक्टरानं तिला कवातरी बघितलं, वन्सं. ह्यांनी तिला खांद्यावर खेळवलं. मी कुनाचं ऐकू?"

हे फोनवर सुटणार नव्हतं, मंजुषाला कळलं. म्हणून तिने पर्समध्ये शाळेचा एक सेल, छोटा बल्ब, दोन वायरी आणि स्क्रूड्रायव्हर टाकला आणि गाव गाठलं. मागचा दिवा पांढरा, म्हणजे रिव्हर्सचा; एवढं ऐकूनच तिला शंका आली होती.

ती पुढे झाली. "मला दादाला विचारायचंय. पण ह्याच सीटवर बसवून दादानं मला गाडी शिकवली. रामप्रसादभाऊ, उठा जरा."

महाराज वदले : "आत्म्याची बैठक भंगेल, ब्रह्मांडाचा तोल ढळेल."

मराठीत : नको.

"बहीन हाय त्यांची," शालूवहिनी म्हणाल्या. "बसू द्या."

मोटार त्यांची, अंगण त्यांचं. रामप्रसाद उठला.

मंजुषाने शालीखालून दांडी धरली. ती मधोमध मोकळी होती, न्यूट्रलला. मागे दिवा जळत होता. तिने पहिला गिअर टाकला. "गेला," लोक म्हणाले. दांडी पुन्हा मध्ये. "लागला, लागला." हात जोडले गेले. तिने अजून एकही प्रश्न विचारला नव्हता. हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

दादाच्या वेळी हा दिवा फक्त रिव्हर्सला लागायचा. आता न्यूट्रलला लागत होता. तिने किल्ली पूर्ण फिरवली. शांतता. मग क्लच दाबून रिव्हर्स टाकला, पुन्हा फिरवली, आणि इंजिन खडखडून उठलं.

आता सगळं उघड व्हायला हवं होतं. झालं भलतंच. म्हातारा गडी ग्यानबा टोपी काढून गुडघ्यांवर आला. "मालक ताईच्या अंगात आले." त्याच्यामागे सगळं अंगण वाकलं.

महाराज वदले : "पाहा! भावाचा आत्मा भगिनीत संचरला!"

मराठीत : गाडी हातची गेली, निदान आत्मा तरी राहू दे.

"ग्यानबामामा," मंजुषाने इंजिन बंद केलं, "माझ्या अंगात नुसता घाम आलाय. उठा आन् इकडं या."

तिने पायाखालचा गालिचा उचलला, स्क्रू काढले, पत्रा बाजूला केला. खाली गिअरबॉक्स. त्यावर दोन पितळी स्विच, जुळ्या भावांसारखे, दोघांना सारख्याच काळ्या वायरी. तिने वायरी ओढून काढल्या, सेल-बल्ब जोडला आणि मोकळी टोकं ग्यानबाच्या हातात दिली. एका स्विचला लावा, म्हणाली, आणि दांडी हलवली. दांडी मध्ये असताना बल्ब पेटला, रिव्हर्सला विझला. मग दुसऱ्याला. दांडी मध्ये असताना अंधार, रिव्हर्सला उजेड.

ग्यानबा सेल-बल्बकडे बघत राहिला. "ह्यात बी मालक हायत का मंग? अन् माझ्या टॉर्चीत कोन हाय?"

"तुझा बाप," कापसाचा व्यापारी जमील मागून म्हणाला. "म्हनून तर रातच्याला पानी देताना तू एकटाच शिव्या देतो."

लोक हसले. हसणारा माणूस पाया पडू शकत नाही. तेवढ्यात मंजुषाने समजावून टाकलं. पहिला स्विच न्यूट्रलचा. गाडी गिअरमध्ये असताना चालू होऊन उडी मारू नये, म्हणून तो फक्त न्यूट्रलला स्टार्टरकडे वीज जाऊ देतो. दुसरा रिव्हर्सचा, तो मागचा दिवा लावतो. दुरुस्तीत ह्याच्या वायरी त्याला लागल्या, त्याच्या ह्याला. म्हणून दिवा न्यूट्रलला आणि स्टार्ट रिव्हर्सला. रामप्रसादला ते चाचपडताना सापडलं. तेवढीच त्याची तपश्चर्या. बाकी सगळी शाल, आणि तिच्याखाली हलणारी दांडी.

तिने वायरी अदलून आपापल्या जागी लावल्या. मोटार न्यूट्रलला सुरू झाली. दिवा विझलेला.

महाराज वदले : काही नाही.

मराठीत : तेच.

शालूवहिनी पुढे आल्या. सीटवर बसल्या, दांडी रिव्हर्सला ओढली, मान वळवून मागे पाहिलं. उजेड. परत मध्ये. अंधार. पुन्हा ओढली. कुणी काही विचारत नव्हतं, तरी दिवा होय म्हणत होता.

"म्हंजे मी गोळ्यांचं इचारलं, तवा ह्यो न्हाई म्हनला," त्या रामप्रसादकडे बघत म्हणाल्या.

"व्हय, वहिनी," मंजुषा म्हणाली.

"आन् हे न्हाईतच."

मंजुषाजवळ शिकलेली बरीच वाक्यं होती. तिने एकच शब्द उचलला. "न्हाईत."

शालूवहिनी खाली उतरल्या. रामप्रसादसमोर गेल्या. "माझ्या मालकाच्या तोंडून माझ्याच लेकराचा जीव घ्यायला निघाला व्हतास," एवढंच बोलल्या. आवाज चढला नाही. रामप्रसादने महाराजांकडे पाहिलं, तर महाराज फाटकाकडे निघालेले.

मंजुषाने डॉक्टरांना फोन लावला, मध्ये खंड पडलाय, गोळी कशी सुरू करायची ते विचारून घेतलं. शालूवहिनींनी डबा आणला. फाटका ओठ सांभाळत आरोहीने सगळ्यांदेखत गोळी गिळली.

मेलेल्या माणसावर माया करावी, जन्मभर करावी. पण जित्या लेकराचं औषध त्याला विचारू नये. त्याच्या नावानं उत्तर देणारा दर वेळी कुणीतरी जिताच असतो.